जुन्या बंदुकीवरील मुद्रा

ताम्रपट व शिलालेख हीं इतिहासाचीं साधनें होत, हें सुशिक्षित वाचकांस सांगावयास नको. जुन्या लष्करी बंदुकीवरील मुद्राही तशाच बोलक्या असतात. परंतु त्यांकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. पारशिवनीच्या मुलखांतून वाहणारी पेंच नदी कामठीजवळ कन्हानेस मिळते, आणि त्या कामठीस इ. स. १८२१ पासून लष्कराची छावणी आहे. अशा भागांत एखाद्या घरीं जुनी बंदूक निघाली, कीं ती सीताबर्डीच्या लढाईंतली असें सांगण्याचा मोह सहज होतो. तें खरें कीं खोटें, याची साक्ष बंदुकीचीच घ्यावी, असें आमचें म्हणणें आहे.

ती लढाई २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजीं झाली. त्या काळीं कंपनीच्या पायदळाजवळ गारेच्या ठिणगीनें उडणारी, आंतून गुळगुळीत नळीची बंदूक असे. नळीचें तोंड सुमारें पाऊण इंच. घोड्याजवळच्या लोखंडी पट्टीवर आरंभीं कंपनीची हृदयाकृति मुद्रा असे. इ. स. १८०८ च्या सुमारास तिच्या जागीं पुढच्या पायांत मुगुट धरलेला सिंह आला.

पट्टीवर मुगुट, व्हिक्टोरिया राणीचीं 'व्ही. आर.' हीं अक्षरें व १८५३ नंतरचा सन आढळल्यास मात्र सीताबर्डीची कथा सोडून द्यावी. ती बहुधा एनफील्ड नमुन्याची बंदूक होय. तिच्या नळीचें तोंड ०.५७७ इंच असून आंत पिळाचे चरे असतात. १८५७ सालीं शिपायांत जो क्षोभ माजला, तो हिच्याच काडतुसांवरून. त्या उठावानंतर सरकारनें एतद्देशीय शिपायांकरितां दिसावयास तशीच, पण चरे नसलेली व अधिक रुंद तोंडाची बंदूक काढली. तिचा नेम दूरवर लागत नसे. राज्यकर्त्यांचा अविश्वास असा नळीच्या आंत पाहावयास सांपडतो.

विसाव्या शतकांतील ०.३०३ इंची बंदूक बंगालमधील इच्छापूरच्या कारखान्यांत होऊं लागली. तिच्यावर मुगुटाखालीं 'जी. आर. आय.' हीं अक्षरें असतात. शेवटचें अक्षर सम्राटपदाचें; विलायतेंत घडलेल्या बंदुकीवर तें नसतें. पुढें मुगुट गेला व अशोकस्तंभाचे सिंह आले. कंपनी, राणी, सम्राट व प्रजासत्ताक अशीं चार राज्यें या लोखंडावर क्रमानें उमटलीं आहेत.

तथापि एकाच मुद्रेवर विसंबूं नये. दुरुस्तींत एका बंदुकीची पट्टी दुसरीस बसविली जाई; म्हणून नळी, पट्टी व दस्ता यांवरील खुणा परस्परांशीं जुळवून पाहाव्या. शिवाय सन घडणीचा असतो, वापराचा नव्हे. १८१० ची बंदूक सीताबर्डीस असूं शकेल. होतीच असें त्यावरून ठरत नाहीं.

दसऱ्याच्या शस्त्रपूजेकरितां अशीं हत्यारें विटकरीच्या पुडीनें घासून लखलखीत करण्याची चाल आहे. पूजा अवश्य व्हावी. पण घासण्यापूर्वीं अक्षरें उतरून घ्यावीं, आणि मग केवळ तेलाचा बोळा फिरवावा. एकदां घासून गेलेली मुद्रा पुन्हां वाचतां येत नाहीं.