कुत्र्याची ॲलर्जी

कुत्र्याची ॲलर्जी : कुत्र्याची लाळ, कातडीचा कोंडा व मूत्र यांतील ठरावीक प्रथिनांना माणसाच्या प्रतिकारयंत्रणेने दिलेला अवाजवी प्रतिसाद. सटासट शिंका, नाक गळणे, डोळे चुरचुरणे, कुत्र्याने चाटल्या जागी गांधी उठणे ही नेहमीची लक्षणे होत. दमेकऱ्याला धाप लागते (⟶ दमा). दोष केसांचा, असे सर्रास मानतात; वस्तुतः केस केवळ वाहक असतात.

प्रथिने : प्रमुख प्रथिन कॅन एफ १. हे लायपोकॅलिन कुळातील असून जिभेच्या ग्रंथींत तयार होते. कुत्रा अंग चाटतो तेव्हा ते केसांना माखते, वाळते व कोंड्याबरोबर हवेत उडते. कपड्यांना चिकटून ते कुत्रा कधी न आलेल्या शाळांतही पोहोचते. कॅन एफ ३ म्हणजे रक्तातील अल्ब्युमिन. कॅन एफ ६ चे मांजर व घोडा यांच्या प्रथिनांशी साम्य असल्याने एकाच रुग्णाला तिन्ही प्राणी बाधू शकतात. कॅन एफ ५ मात्र प्रोस्टेट ग्रंथीत तयार होते, म्हणजे फक्त नरात. केवळ याचीच ॲलर्जी असलेल्याला मादी बरेचदा सोसते. त्वचाचाचणीत सहसा कुत्र्याचा एकच मिश्र अर्क वापरतात. त्यात हा भेद कळत नाही. प्रथिनवार रक्तचाचणी न करताच कुत्रा घराबाहेर काढणे म्हणूनच घाईचे होय.

‘ॲलर्जीरहित’ जाती : हवाईतील एका अंध महिलेला मार्गदर्शक कुत्रा हवा होता, पण पतीला ॲलर्जी होती. ऑस्ट्रेलियातील श्वानपैदासकार वॉली कॉनरन यांनी १९८०–९० च्या दशकाअखेर लॅब्रॅडोर व पूडल यांचा संकर केला आणि पिलांचे केस व लाळ तपासणीसाठी हवाईला धाडली. तीन पिलांपैकी एकच, सुलतान, त्या गृहस्थांना सोसले. बाजाराने उरलेली दोन विसरून लॅब्रॅडूडल ही सगळी जातच ‘सुरक्षित’ ठरवली. कॉनरन यांनी पुढे या निर्मितीबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. मुलीच्या ॲलर्जीमुळे ओबामा कुटुंबाने २००९ मध्ये पोर्तुगीज वॉटर डॉग निवडल्याने या समजाला बळ मिळाले. नेदरलँड्समधील २०१२ च्या अभ्यासात अशा जातींच्या केसांत कॅन एफ १ उलट अधिक आढळले. घरातील हवेत फरक नव्हता. केस आखूड आहेत म्हणून कारवानी जातीचा कुत्राही निर्धोक ठरत नाही. एकाच जातीतील दोन कुत्र्यांतही मोठी तफावत असते.

सहवास : निजायच्या खोलीत कुत्र्याला मज्जाव, गालिचे काढणे, हवेसाठी हेपा गाळणी हे उपाय. आंघोळीने प्रथिन घटते, पण काही दिवसांत पूर्ववत होते. त्यामुळे आठवड्यातून दोनदा घालावी लागते. कुत्रा गेल्यावरही घरात प्रथिनाचा अंश महिनोन्महिने उरतो. नाकातील स्टेरॉइड फवारे व अँटिहिस्टामिने उपयोगी. ॲलर्जीवरील लसोपचाराचा पुरावा धुळीतील माइट किंवा परागांच्या ॲलर्जीच्या तुलनेने तोकडा आहे.

बालपण : तान्ह्या वयातील सहवासाने दम्याचा धोका कमी होतो, असे काही पाहण्या सुचवतात, मतैक्य नाही.

कुत्र्यांना होणारी ॲलर्जी : मुख्यतः खाजेच्या रूपात (⟶ पशुवैद्यक).