शिराझ : नारायणगाव ते ऑस्ट्रेलिया, व्हाया कर्ज

आम्हा कोल्हापूरकरांना द्राक्षं म्हटली की तासगाव आठवतं. गोड, बिनबियांची, नाहीतर मग बेदाणा. वाईनचं द्राक्ष बघून आपला माणूस नाकच मुरडेल. बारीक, जाड सालीचं, आत बिया. पण रेड वाईनचा सगळा खेळ त्या साली-बियांतच आहे. रंग सालीतून येतो, आणि तुरटपणा, म्हणजे टॅनिन, दोन्हींतून. म्हणून नवीकोरी शिराझ घोटभर घेतली की जीभ कच्चं केळं चावल्यासारखी आकसते.

हे मुरायला वर्षं लागतात, आणि वर्षं म्हणजे अडकलेला पैसा. पेनफोल्ड्सच्या मॅक्स शुबर्टनं १९५१ साली मुरवण्यासाठीच ग्रेंज बनवायला घेतली. साहेबलोकांनी ती कोवळीच चाखली आणि १९५७ मध्ये काम बंद करायचा हुकूम काढला. पठ्ठ्यानं तीन वर्षं गुपचूप चालू ठेवलं! तोवर जुन्या बाटल्या मुरल्या, लोकांना आवडल्या, आणि १९६० मध्ये परत परवानगी मिळाली. (आपल्याकडे बीटालाच मारलेले प्रोजेक्ट आठवले ना? असो.)

आता आपली गोष्ट. नारायणगावला शामराव चौगुलेंनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञान आणून शॅम्पेन इंडाज उभी केली. त्यांची फेसाळती 'ओमर खय्याम' परदेशातही गेली. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, अबकारी करात सवलत मिळाली, नाशकात वायनऱ्या वाढल्या. इंडाजनं तर २००७-०८ च्या सुमारास थेट ऑस्ट्रेलियातल्या वायनऱ्या विकत घेतल्या. शिराझचं माहेर फ्रान्स, ऑस्ट्रेलिया सासर. त्या सासरी नारायणगावकर मालक!

पण पैसा कर्जाचा होता. मंदी आली, मग २६/११, हॉटेलं ओस पडली, आणि कंपनी कोसळली. शेतकऱ्यांचे पैसे थकले. ते द्राक्ष मंडईत कोण घेणार? कित्येकांनी वेली उपटून टाकल्या. बाग धरायला दोन-तीन वर्षं, उपटायला एक दिवस. शुबर्टला निदान कंपनीचं तळघर होतं, इथल्या बागायतदारापुढे पुढच्या छाटणीचा खर्च होता. मला ह्या सगळ्यात तीच बाजू जास्त लागते.

नाशकात आजही साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी होते आणि जानेवारी ते मार्च तोडणी. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ मिळाली तर दोन घ्या. एक लगेच उघडा, दुसरी दोन वर्षं अंधाऱ्या, गार कपाटात आडवी ठेवा. आमच्याकडे दुसरी टिकत नाही, ते सोडा :)