राजाला जाब विचारणारी इतिहासलेखिका

भगिनींनो, मी सातवी शिकलेली साधी गृहिणी. इतिहास हा पुरुषांनी लिहायचा आणि आपण मुलांकडून पाठ करून घ्यायचा, अशीच आपली समजूत. म्हणून अठराव्या शतकातील एका इंग्रज बाईची ओळख करून द्यावीशी वाटते.

तिचे नाव कॅथरिन मेकॉले. आपल्याला ठाऊक असलेले मेकॉलेसाहेब निराळे. ते १८०० साली जन्मले. ही बाई १७३१ सालची. विद्यापीठाचे दार तेव्हा स्त्रियांना बंद होते. तरी १७६३ ते १७८३ या वीस वर्षांत तिने इंग्लंडचा इतिहास आठ खंडांत लिहिला. मध्येच, १७६६ साली वैधव्य आले. पदरी एक मुलगी होती. लेखणी मात्र थांबली नाही.

तिचे म्हणणे असे की, राज्य हे राजाचे वतन नव्हे. ती प्रजेने विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. ठेवीची अफरातफर झाली तर धन्याने जाब विचारायचाच. म्हणून १६४९ साली चार्ल्स राजाला दिलेला देहदंड तिने न्याय्य ठरवला. पण पुढे क्रॉम्वेलने सारी सत्ता आपल्या मुठीत घेतली, तेव्हा त्यालाही तिने सोडले नाही. मुकुट गेला आणि मनमानी राहिली, तर प्रजेला काय मिळाले?

यावर उपायही तिने सुचवला. कॉर्सिका बेटाचे पुढारी पाओली यांना उद्देशून १७६७ साली तिने लोकराज्याचा आराखडा छापला. दोन सभा असाव्यात, अधिकारपदे आळीपाळीने फिरावीत आणि बापाची मिळकत सर्व मुलग्यांत सारखी वाटावी. कारण पैसा एका घरात साठला की सत्ताही तिथेच साठते. मुलींचा वाटा मात्र तिने धरला नाही, ही उणीव मला खटकते.

१७७८ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिने एकवीस वर्षांच्या तरुणाशी लग्न केले. लोकांनी टवाळी केली आणि ग्रंथ बाजूला पडले. अमेरिकेत मात्र १७८५ साली वॉशिंग्टन यांनी तिला आपल्या घरी सन्मानाने ठेवून घेतले. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे, हे तिने १७९० साली लिहिले. १७९१ साली ती वारली. पुढच्याच वर्षी मेरी वुलस्टनक्राफ्ट हिने आपल्या पुस्तकात तिची थोरवी सांगितली.

भगिनींनो, बाईच्या लग्नाची चर्चा करायला वेळ लागत नाही. तिचे आठ खंड वाचायला लागतो. तेवढा वेळ आपण एकमेकींना देऊ या.