एक लाख लोक विरुद्ध अकरा जण: जकार्ता, ४ सप्टेंबर १९६२

आजचा भाग फुटबॉलचा आहे. पण मेस्सी नाही, रोनाल्डो नाही, प्रीमियर लीग तर अजिबात नाही. आज आपली टीम. हो, भारताची. हसू नका, शेवटपर्यंत ऐका.

सुरुवात माझ्याच एका आठवणीने करतो. ४ जून २०१८, अंधेरीचं फुटबॉल स्टेडियम, भारत विरुद्ध केनिया. पाऊस असा की मैदानात तळी साचलेली. पास दिला की बॉल अर्ध्या वाटेत पाण्यात अडकायचा. पहिल्या हाफमध्ये एकही गोल नाही. आम्ही सगळे नखशिखांत भिजलेलो, पण जागचं कोणी हलेना.

का हलेना, ते सांगतो. तीनच दिवस आधी याच मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० असं धुतलं होतं. सुनील छेत्रीची हॅट्ट्रिक होती. आणि ती बघायला किती लोक होते? २,५६९. मुंबईसारख्या शहरात! मग छेत्रीने एक साधा व्हिडिओ टाकला. त्याचा सारांश असा, की आमच्यावर टीका करा, हवं तर शिव्या द्या, पण स्टेडियममध्ये येऊन द्या. तो व्हिडिओ बघून मला खरंच लाज वाटली, कारण ५-० च्या मॅचला मीही गेलो नव्हतो. केनियाची मॅच छेत्रीची शंभरावी आंतरराष्ट्रीय मॅच होती. तिकिटं संपली. दुसऱ्या हाफमध्ये छेत्रीची पेनल्टी, लगेच जेजेचा गोल, शेवटी पुन्हा छेत्री. ३-०! माझा घसा पुढचे दोन दिवस बसला होता.

पण घरी येताना लोकलमध्ये एक विचार डोक्यात घुसला, तो काही निघेना. ते ५-० आमच्याशिवायच झालं होतं. जिंकणाऱ्या टीमला ओरडणारे लोक नेमके कशाला लागतात? आणि आख्खं स्टेडियम आपल्या विरोधात असेल तर काय होतं? रिकामं नाही हं, गच्च भरलेलं आणि विरोधात.

हे शोधायला लागलो आणि थेट १९६२ च्या जकार्तामध्ये पोहोचलो. तुमच्यापैकी काहींनी २०२४ मध्ये आलेला अजय देवगणचा 'मैदान' बघितला असेल. गोष्ट तीच. पण सिनेमाला हिरो लागतो, मला आज प्रेक्षकांबद्दल बोलायचंय.

तर, चौथ्या आशियाई स्पर्धा. २४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर १९६२. इंडोनेशियाला स्वातंत्र्य मिळून फार वर्षं झाली नव्हती. राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्यासाठी ही स्पर्धा म्हणजे जगाला 'बघा, आम्ही उभे आहोत' असं सांगण्याची संधी होती. सोव्हिएत कर्जातून बांधलेलं प्रचंड स्टेडियम त्याच वर्षी उघडलं होतं. आणि भारत-इंडोनेशिया मैत्री म्हणाल तर एकदम घट्ट. २६ जानेवारी १९५० ला आपला पहिला प्रजासत्ताक दिन झाला, तेव्हा प्रमुख पाहुणे कोण होते? हेच सुकार्नो. १९५५ ची बांडुंग परिषद आठवा, नेहरू आणि सुकार्नो एका व्यासपीठावर होते.

मग बिनसलं कुठे? यजमानांनी इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेशच दिला नाही. मागे अरब देशांचा आणि चीनचा दबाव होता. यावर आवाज उठवला गुरुदत्त सोंधी यांनी. हे भारताचे, ऑलिंपिक समितीचे सदस्य आणि आशियाई स्पर्धा मुळात सुरू करणाऱ्यांपैकी एक. त्यांचं म्हणणं साधं होतं. सगळ्या सदस्य देशांना बोलावणार नसाल, तर या स्पर्धेला 'आशियाई स्पर्धा' म्हणू नका.

नियमाच्या भाषेत मुद्दा बरोबरच होता. पण जकार्ताच्या रस्त्यावरच्या माणसाला काय ऐकू आलं? आमच्या घरी पाहुणा म्हणून आला आणि आमच्याच लग्नात खोड काढतोय! लोक भडकले. ३ सप्टेंबरला जमावाने भारतीय दूतावासावर हल्ला केला. सोंधींना देश सोडून निघावं लागलं.

आणि दुसऱ्याच दिवशी फुटबॉलची फायनल. भारत विरुद्ध दक्षिण कोरिया.

आता टीमकडे येऊ. कोच सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे, मूळ पेशाने शिक्षक. सगळे त्यांना रहीमसाहेब म्हणायचे. कॅप्टन चुनी गोस्वामी. उजवीकडे पी. के. बॅनर्जी, डावीकडे तुळशीदास बलराम. मागे जर्नेल सिंग नावाची भिंत. आणि हाफबॅक फॉर्च्युनातो फ्रँको. या माणसाकडे जरा लक्ष द्या. जन्म गोव्याचा, लहानपणीच मुंबईत आलेला, टाटांच्या टीमकडून खेळणारा. गोवा स्वतंत्र झाला १९ डिसेंबर १९६१ ला. म्हणजे फ्रँको जकार्तामध्ये भारताची जर्सी घालून उतरला, तेव्हा त्याचा गोवा भारतात येऊन जेमतेम साडेआठ महिने झाले होते.

स्पर्धेची सुरुवात चांगली नव्हतीच. पहिल्या गटात याच कोरियाने आपल्याला २-० ने हरवलं. मग थायलंडला ४-१. त्या मॅचमध्ये जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. पुढे जपानला २-०. सेमीफायनलला दक्षिण व्हिएतनाम. तिथे रहीमसाहेबांनी एक अफलातून चाल खेळली. डोक्याला टाके असलेल्या आपल्या डिफेंडरला त्यांनी सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरवलं! विचार करा, आज कोणी असं केलं तर आपण मीम्स बनवू. आणि झालं काय? जर्नेलने गोल मारला, चुनी गोस्वामीने दोन, आपण ३-२ ने जिंकलो.

रहीमसाहेब तेव्हा कॅन्सरने आजारी होते. फायनलच्या आदल्या रात्री त्यांनी मुलांकडे एकच भेट मागितली, सुवर्णपदक. ही आठवण त्या टीममधल्या खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितली आहे.

४ सप्टेंबर. स्टेडियममध्ये जवळजवळ एक लाख लोक. शहरातलं वातावरण एवढं तापलेलं की स्टेडियमला जाताना पगडी दिसू नये म्हणून जर्नेल सिंग बसमध्ये खाली बसून गेले, असं सांगतात. भारताचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि हुर्यो सुरू झाली. बॉल भारताकडे आला की हुर्यो. कोरियाकडे गेला की जल्लोष. लक्षात घ्या, कोरियावर त्या लोकांचं काही विशेष प्रेम नव्हतं. त्यांना फक्त भारत हरायला हवा होता.

गोलमध्ये पीटर थंगराज. आधीच्या मॅचेस प्रद्युत बर्मन खेळला होता, थंगराज तापातून नुकता उठलेला. तरी रहीमसाहेबांनी फायनलला या उंच गोलकीपरलाच उभं केलं.

१७ वं मिनिट. पी. के. बॅनर्जी. गोल!

२० वं मिनिट. जर्नेल सिंग. डोक्याला टाके, त्यावर पट्टी, आणि गोल!

वीस मिनिटांत २-०. ज्यांनी आपल्याला गटात २-० हरवलं, त्यांच्याच विरुद्ध. पुढचा तासभर एक लाख लोक ओरडत राहिले आणि आपली टीम झुंजत राहिली. ८५ व्या मिनिटाला कोरियाने एक गोल परत केला. शेवटची पाच मिनिटं त्या पोरांनी कशी काढली असतील! पण शिट्टी वाजली तेव्हा स्कोअर होता २-१. भारत आशियाचा चॅम्पियन.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. त्या दिवशी भारतासाठी कोण ओरडलं?

भारतातून तर कोणी बघतच नव्हतं. टीव्ही १९५९ पासून होता, पण तो दिल्लीपुरता. मुंबईत टीव्ही आला १९७२ ला. बातमी यायची ती रेडिओवर, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात. म्हणजे आपल्या फुटबॉलचा सगळ्यात मोठा विजय आपल्या लोकांनी पाहिलाच नाही. पाहिला तो त्या एक लाख लोकांनी, ज्यांना तो नको होता.

पण स्टँडमध्ये एक कोपरा वेगळा होता. तिथे पाकिस्तानची हॉकी टीम बसली होती. याच स्पर्धेत त्यांनी हॉकीच्या फायनलमध्ये भारताला हरवून सुवर्ण घेतलं होतं. आणि फुटबॉलच्या फायनलला तेच भारतासाठी ओरडत होते! आपल्या खेळाडूंनी ही गोष्ट पुढे आयुष्यभर सांगितली. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, कोणीतरी व्हॉट्सॲपवर रचलेली गोष्ट असणार. पण नाही. ज्यांच्याशी वैर, ते टाळ्या वाजवत होते. आणि ज्यांच्याशी मैत्री, ते हुर्यो उडवत होते.

इथे मला एक गोष्ट समजली. आपल्याला वाटतं की फॅन म्हणजे खेळ बघून ओरडणारा माणूस. पण आपण बऱ्याचदा खेळ बघतच नसतो. आपण पेपरातली हेडलाइन बघत असतो, झेंडा बघत असतो, कालचा राग बघत असतो. जकार्ताचे ते एक लाख लोक वाईट नव्हते. ते दुखावलेले होते, आणि समोर अकरा माणसं होती ज्यांनी त्यांचं काहीच बिघडवलं नव्हतं. आपण इंडिया-पाकिस्तान मॅचला काय काय ओरडतो ते आठवा, म्हणजे त्यांचा राग येणार नाही. पाकिस्तानच्या त्या हॉकीवाल्यांनी मात्र फुटबॉल बघितला. कदाचित स्वतः खेळाडू होते म्हणून. परक्या शहरात, विरोधी गर्दीत खेळणं काय असतं हे त्यांना आतून माहीत होतं.

आता प्रामाणिकपणाचा भाग. फॅन म्हणून नुसत्या आरत्या ओवाळायच्या नसतात. या विजयाला एक छोटी तळटीप आहे. इस्रायल त्या काळी आशियातली तगडी टीम होती. १९६४ च्या एशियन कपमध्ये इस्रायल पहिला आला आणि भारत दुसरा. जकार्तामध्ये इस्रायलला येऊच दिलं नव्हतं. म्हणजे बघा, सोंधी ज्या अन्यायाविरुद्ध बोलले, त्याच अन्यायामुळे आपल्या वाटेतला एक मोठा प्रतिस्पर्धी कमी झाला होता. आणि सोंधी बोलले म्हणून आपल्याच टीमला हुर्यो झेलावी लागली. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो. यामुळे पदक खोटं ठरत नाही. मैदानात जे समोर आले, त्यांना हरवलंच की. पण गोष्ट सांगायची तर पूर्ण सांगावी.

आणि पुढे? पुढे ही गोष्ट पुसलीच गेली. फायनलनंतर बरोबर ४६ दिवसांनी, २० ऑक्टोबर १९६२ ला, चीनने हल्ला केला. देशाचं लक्ष सीमेवर गेलं, ते जाणारच होतं. ११ जून १९६३ ला रहीमसाहेब गेले. १९७० ला आशियाई स्पर्धेत आपल्याला फुटबॉलचं ब्राँझ मिळालं. सुवर्ण त्यानंतर आजपर्यंत नाही.

शेवटची एक गोष्ट सांगतो, ती जरा टोचते. २० मार्च २०२० ला पी. के. बॅनर्जी गेले. सगळा देश कोरोनाच्या बातम्यांत होता. ३० एप्रिल २०२० ला चुनी गोस्वामी गेले. त्या दिवशी माझ्या फोनवर दिवसभर काय होतं माहितीये? ऋषी कपूर. ते त्याच दिवशी गेले. मीही त्यांचीच गाणी शेअर करत होतो. चुनीदांची बातमी मला दोन दिवसांनी कळली. मे २०२१ मध्ये फ्रँको गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये बलराम. मी, जो छेत्रीसाठी पावसात भिजलो म्हणून मिरवत होतो, त्या मला यातल्या एकाही माणसासाठी वेळेवर थांबता आलं नाही.

त्या फायनलचं पूर्ण रेकॉर्डिंग मी खूप शोधलं, मला मिळालं नाही. मग एके रात्री हेडफोन काढून ठेवले आणि नुसतं मनात बघितलं. १७ वं मिनिट. २० वं मिनिट. ८५ वं मिनिट. शिट्टी. आणि खरं सांगतो, रात्री एक वाजता मी खोलीत एकटाच 'गोल!' असं ओरडलो. आई उठून आली. म्हणाली, "काय रे, कोणाची मॅच आहे?"

मी म्हटलं, "आपली. बासष्टची."

ती म्हणाली, "झोप आता. जिंकलो ना?"

जिंकलो, आई. फक्त ओरडायला जरा उशीर झाला.

तर मंडळी, एक काम करा. तुमच्या गावात, तुमच्या शहरात भारताची मॅच असेल, किंवा साधी जिल्ह्याची, कॉलेजची मॅच असेल, तर जा. स्टेडियममध्ये जाऊन बसा. हरले तर शिव्या द्या, छेत्रीने परवानगी दिलेली आहे. पण बघायला जा. आणि समोरच्या टीमने भारी गोल मारला, तर त्यालाही एक टाळी वाजवा. जकार्तामध्ये कोणीतरी आपल्यासाठी वाजवली होती.