वेतनविषमता : वंश आणि लिंगभाव

अमेरिकेत स्त्री-पुरुषांना समान वेतनाचा कायदा १९६३ साली झाला, तरी गोऱ्या पुरुषांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांची आणि स्त्रियांची मिळकत कमीच राहिली. शिक्षण-अनुभव कमी म्हणून पगार कमी, हे अर्थशास्त्रातील स्पष्टीकरण समाजशास्त्रज्ञांना अपुरे वाटते. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात सारख्याच पात्रतेच्या तरुणांना नोकरीचे अर्ज घेऊन मालकांकडे पाठवले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अस्वस्थ करणारे आहेत : तुरुंगवास भोगल्याचे सांगणाऱ्या गोऱ्या तरुणांच्या १७ टक्के अर्जांना पुढचे बोलावणे आले, कोणताही गुन्हा नसलेल्या कृष्णवर्णीयांच्या मात्र १४ टक्केच अर्जांना.

बायकांची मानली गेलेली कामे, विशेषतः सांभाळ-शुश्रूषेची, तेवढ्याच कौशल्याच्या इतर कामांपेक्षा स्वस्त ठरतात, हे समाजशास्त्रज्ञ पॉला इंग्लंड यांनी दाखवले. मिशेल बडिग यांच्यासह केलेल्या २००१ च्या अभ्यासात त्यांना प्रत्येक अपत्यामागे आईचे वेतन सुमारे ७ टक्क्यांनी घटलेले आढळले.

कृष्णवर्णीय स्त्रीची स्थिती या दोन भेदांच्या नुसत्या बेरजेने कळत नाही, असे कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेन्शॉ यांनी १९८९ मध्ये मांडले. त्यांनी दिलेले एक उदाहरण असे : जनरल मोटर्सविरुद्धच्या १९७६ च्या दाव्यात न्यायालयाने अशा स्त्रियांना वंश व लिंग एकत्र धरून दाद मागू दिली नव्हती.