खोडदची दुर्बीण आणि एक्सएमएल वाचनाच्या दोन पद्धती : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण जगप्रसिद्ध आहे. तिच्या निरीक्षणांतून तयार झालेली सारणी वाचायची कशी, या प्रश्नालाही स्वतःचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

दोन पद्धतींचा उदय :
१९९८ मध्ये एक्सएमएल प्रमाणित झाली. त्याच वर्षी तिच्या वाचनाच्या दोन पद्धती रूढ झाल्या. ‘डॉम’ पद्धतीत संपूर्ण दस्तऐवजाचा वृक्ष संगणकाच्या स्मृतीत उभा केला जातो. त्यामुळे कोणत्याही शाखेकडे केव्हाही वळता येते. मात्र स्मृती फार लागते. ‘सॅक्स’ पद्धतीत मजकूर प्रवाहासारखा पुढे सरकतो. स्मृती अल्प लागते, परंतु मागचा संदर्भ वाचकप्रणालीलाच जपावा लागतो.

खगोलशास्त्रातील समन्वय :
२००२ मध्ये खगोलीय सारण्यांसाठी ‘व्हीओटेबल’ हे एक्सएमएल स्वरूप आले. त्यात प्रारंभी स्तंभांची नावे, एकके व अर्थ यांचे वर्णन असते आणि त्यानंतर एकसारख्या ओळी. वर्णन लहान पण परस्परसंबद्ध, तर ओळी असंख्य पण साध्या. पुण्यातील आयुका व पर्सिस्टंट सिस्टिम्स यांच्या सहकार्यातील व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी इंडिया प्रकल्पाने सी प्लस प्लस भाषेत व्हीओटेबल वाचक तयार केला, तोही प्रवाही आणि बिगर-प्रवाही अशा दोन आवृत्त्यांत. पुढे इंग्लंडमधील मार्क टेलर यांच्या ‘स्टिल’ या जावा संग्रहात दोहोंचा मिलाफ झाला : वर्णनाचा वृक्ष बांधायचा, ओळी मात्र वृक्षाबाहेर प्रवाहाने वाचायच्या.

स्थानिक उदाहरण :
जीएमआरटीच्या १५० मेगाहर्ट्झ सर्वेक्षणाची २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली सूची सुमारे ६.२ लाख रेडिओ स्रोतांची आहे. प्रत्येक ओळीत २० स्तंभ धरल्यास सुमारे सव्वा कोटी घरे होतात. वृक्षात प्रत्येक घराची एक आणि त्यातील मजकुराची एक, अशा अडीच कोटी गाठी पडतात. गाठीला केवळ ५० बाइट धरले तरी सव्वाशे कोटी बाइट स्मृती खर्च होते. मिश्र पद्धतीत मात्र एका वेळी एकच ओळ हाताळणे पुरते.

मर्यादा :
सारणी अपूर्ण असल्याची सूचना काही वेळा ओळींनंतर येते. त्यामुळे प्रवाही वाचकाने शेवटापर्यंत पोहोचण्यापूर्वी निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. तसेच मागील ओळ पुन्हा हवी असल्यास ती साठवावी तरी लागते किंवा वाचन नव्याने सुरू करावे लागते.

निष्कर्ष :
या समन्वयाचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. खोडदच्या माळावर टिपलेले आकाश नारायणगाव, मंचर वा घोडेगावच्या विद्यार्थ्याला साध्या संगणकावर अभ्यासता येईल की नाही, हे वाचनाच्या पद्धतीवरही अवलंबून असते. विदा खुली असणे पुरेसे नाही. ती उपलब्ध साधनांत वाचता येणेही तितकेच आवश्यक आहे. म्हणून या दोन पद्धतींचा परिचय संगणकशास्त्राबरोबरच भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही करून देणे उचित ठरेल.