म्हात्रे पूल आणि बर्मिंगहॅम

पुण्यात मुठा नदीवर, एरंडवणे आणि नवी पेठ यांना जोडणारा म्हात्रे पूल आहे. हे नाव एखाद्या स्थानिक पुढाऱ्याचे असावे, असा समज सहज होऊ शकतो. वास्तविक ते रवींद्र हरेश्वर म्हात्रे या भारतीय राजनैतिक अधिकाऱ्याचे आहे. काश्मीरमधील संघर्षाची झळ परदेशातील भारतीय कचेऱ्यांना कशी पोहोचली, हे त्यांच्या हत्येतून दिसले.

म्हात्रे बर्मिंगहॅम येथील भारताच्या सहायक उच्चायुक्तालयात होते. (राष्ट्रकुलातील देश एकमेकांकडे दूतावासांऐवजी उच्चायुक्तालये ठेवतात.) ३ फेब्रुवारी १९८४ रोजी मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन ते बसने घरी निघाले होते. बसमधून उतरताच त्यांचे अपहरण झाले. 'काश्मीर लिबरेशन आर्मी' या नावाने आलेल्या पत्रात मकबूल बट व इतर कैद्यांची सुटका आणि दहा लाख पौंडांची मागणी होती. भारताने ती मानली नाही. काही दिवसांतच म्हात्रे यांचा मृतदेह लीस्टरशायरमध्ये सापडला. ११ फेब्रुवारीला तिहार तुरुंगात बटला फाशी देण्यात आले.

बर्मिंगहॅमच का? जम्मू-काश्मीर लिबरेशन फ्रंटची स्थापना १९७७ मध्ये याच शहरात झाली होती. पाकव्याप्त काश्मिरातून आलेल्यांची तेथे मोठी वस्ती होती.

१९६१ व १९६३ च्या व्हिएन्ना करारांनुसार परकीय वकिलाती आणि तेथील अधिकारी यांच्या संरक्षणाची जबाबदारी यजमान देशावर असते. इमारतीभोवती पहारा बसवता येतो. बसने ये-जा करणाऱ्या मधल्या फळीतील अधिकाऱ्याचे काय, हा प्रश्न उरतोच. या प्रकरणातील दोघांना १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये शिक्षा झाली.

जेथे यजमान सरकारच यादवीत सापडलेले असते, तेथे पहाराही अपुरा पडतो. ७ जुलै २००८ रोजी काबूलमधील भारतीय दूतावासाच्या प्रवेशद्वारावर स्फोटकांनी भरलेली मोटार धडकली. ब्रिगेडियर रवी दत्त मेहता, समुपदेशक व्ही. वेंकटेश्वर राव आणि भारत-तिबेट सीमा पोलिसांचे दोन जवान त्यात मृत्युमुखी पडले. एकूण मृतांची संख्या पन्नासहून अधिक होती. त्यांत बहुसंख्य अफगाण नागरिकच होते. व्हिसाच्या रांगेत उभे असलेलेही त्यांत होते. ऑक्टोबर २००९ मध्ये याच दूतावासावर पुन्हा हल्ला झाला, तर मे २०१४ मध्ये हेरात येथील भारतीय वाणिज्य दूतावास लक्ष्य ठरला.